वायरमनने बंद केलेली जागा

बोटीच्या पंपाला वॉशर आणायला म्हणून डॉक्टर सकाळी बाहेर पडले आणि येताना अख्खा नवा पंप घेऊन आले.

जुना पंप चांगला चालत होता. थेंब थेंब गळत होता एवढंच. पण त्याच्या दांड्याला मेणात बुडवून टिकवलेली एक चिठ्ठी बांधलेली होती, आणि तिच्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'हा रुसतो. आधी दोनदा हळू, मग एकदा जोरात.' डॉक्टरांच्या बायकोने पहिल्याच दिवशी तसं केलं. दोनदा हळू, एकदा जोरात. पाणी आलं तशी ती हसली आणि म्हणाली, "कळलं हं." हे ती पंपाला म्हणाली की चिठ्ठी लिहिणाऱ्याला, ते डॉक्टरांना ठरवता येईना. म्हणून पंप गेला.

चिठ्ठी लिहिणारा तर आधीच गेला होता. बोटी दुरुस्त होतात त्या यार्डात सगळे त्याला वायरमन म्हणत, कारण जन्मभर त्याने तेच काम केलं. एकोणीस वर्षं ही बोट त्याच्याकडे होती. चौतीस फुटी, लाकडी, एका डोलकाठीची, आत दोन माणसं महिनोन्महिने राहू शकतील अशी. मागच्या हिवाळ्यात तो झोपेत वारला आणि त्याच्या बायकोने ती विकून टाकली. आता ती पाण्यापासून शंभर पावलांवर लाकडी टेकूंवर उभी होती, आणि दातांचा दवाखाना बंद केलेले हे डॉक्टर रोज शिडी लावून तिच्यात चढत होते. बोट नीट करायची, पाण्यात उतरवायची आणि दोघांनी निघायचं. कुठे, ते ठरलं नव्हतं. घरात आता धरून ठेवणारं काही नव्हतं.

दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. तोंड उघडून दुसऱ्याने भरलेला दात दिसला की आरसा फिरवत विचारायचं, "हे कुणी भरलं?" आपल्या डॉक्टरांची ही खोड अंमळ जास्तच होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कितीतरी धडधाकट दात उकरून पुन्हा भरले असतील. दुसऱ्याचं चांगलं काम डोळ्यांसमोर असलं की त्यांना जेवण जात नसे. पेशंट म्हणत, डॉक्टर फार काळजीपूर्वक काम करतात. बाहेरच्या टेबलावर बसून नावं लिहिणाऱ्या बायकोला खरं काय ते माहीत होतं. ती बोलत नसे.

आणि ही बोट म्हणजे वायरमनने भरलेलं एक मोठं तोंडच होतं. प्रत्येक वायरीला चिठ्ठी. खण बोटाने ढकलला तरी सरकत असे. एका कपाटाच्या दाराआड लिहिलेलं, 'शोधताय ते इथे नाही.' त्याच्या शेजारच्या दाराआड, 'इथेपण नाही.' बायको ते वाचून एवढी हसली की खाली पॉलिश करणाऱ्या मिस्त्रींनी मान वर केली. वीस वर्षांत डॉक्टरांनी तिचं असं हसू ऐकलं नव्हतं, आणि ते एका मेलेल्या माणसाच्या वाट्याला गेलं. हळूहळू ती बोलताना म्हणू लागली, "ते हा दोर असा बांधायचे. ते दिवा इथे ठेवायचे." 'ते' म्हणजे कोण, हे सांगायची तिला गरज वाटत नव्हती.

डॉक्टरांनी वायरी बदलल्या. खण बदलले. दिवे बदलले. चिठ्ठ्या काढून आपल्या हाताने आकडे चिकटवले. मिस्त्री म्हणाले, "आता तळ तेवढा बदला डॉक्टर, म्हणजे जुनी फक्त तिची सावली उरेल." डॉक्टर हसले नाहीत.

शेवटी एकच गोष्ट राहिली. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला जिथे दोन्ही बाजू जवळ येतात, तिथे झोपायची जागा होती. उशीशेजारच्या आतल्या फळीत तळहाताएवढा एक चौकोनी तुकडा बसवलेला होता. आठ पितळी स्क्रू, सांध्यात नखही शिरणार नाही इतकं घट्ट काम. त्यावर वायरमनची एकच चिठ्ठी होती जिच्यात गंमत नव्हती. 'इथलं काम पूर्ण आहे. उघडू नये.'

मिस्त्रींनी तुकड्यावर बोटाने टकटक केलं आणि सांगितलं की आत कुजलेलं काही नाही, आवाज खणखणीत आहे. "बरा दात कोण उपटतं डॉक्टर?" असंही विचारलं.

पुढच्या दुपारी बायको बाजारात गेली होती. समुद्रावरून धुकं चढून यार्डात आलं होतं. शेजारच्या बोटी एकेक करून दिसेनाशा झाल्या आणि करवतीचा आवाज कापसातून आल्यासारखा यायला लागला. डॉक्टरांनी आठही स्क्रू काढले. तुकडा सुटताना त्याने हलकाच श्वास सोडल्यासारखं केलं. आत बोटभर खोल पोकळी, तिच्यामागे बोटीची बाहेरची फळी. स्वच्छ, कोरडी. कीड नाही, कूज नाही, काहीच नाही. फक्त ती बाहेरची फळी एका जागी गुळगुळीत झालेली होती, वर्षानुवर्षं गाल टेकून झिजावी तशी. आणि वास येत होता... ओल्या केसांचा.

डॉक्टरांना बरं वाटलं. वायरमनने काहीही नसलेली जागा भरली होती. एवढा हुशार माणूस, आणि चुकला.

बायको आली. ती रागावेल अशी त्यांची तयारी होती. तिने काही विचारलं नाही. त्या चौकोनात हात घातला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाली, "मी जरा पडते इथे."

तेव्हापासून ती रोज दुपारी तिथे पडू लागली. कान त्या चौकोनाशी, गुडघे पोटाशी. बाहेर डॉक्टर जुना रंग खरवडत आणि खरवडताना मध्येच थांबत, कारण आतून कुजबुज येई. बोलणं, थांबणं, पुन्हा बोलणं. कुणीतरी उत्तर देत असल्यासारखी ती थांबे. मेलेल्या माणसाशी बोलते, आणि माझ्याशी घरी मीठ पुरे का एवढंच. चौथ्या दिवशी ते पायांतले बूट काढून शिडी चढले आणि आत उतरणाऱ्या जिन्यावर उभे राहिले.

"डबा खाल्लास का सगळा?" बायको म्हणत होती. "...मग? ...नाही गं, कुणी रागावत नाही..."

तो आवाज डॉक्टरांनी ओळखला. त्या आवाजात त्यांची बायको एकाच माणसाशी बोलत असे.

"कुणाशी बोलतेस?"

तिने मान वळवली नाही. "चिमीशी," ती म्हणाली.

हे नाव त्यांच्या घरात वीस वर्षं उच्चारलेलं नव्हतं. चिमी त्यांची मुलगी. सातव्या वर्षी तापाने गेली, तीन दिवसांत. तिसऱ्या रात्री नर्सने इंजेक्शन आणायला सांगितलं म्हणून डॉक्टर खाली औषधांच्या दुकानात गेले. रांग होती. ते वर आले तोवर संपलं होतं. चिमी शेवटी काहीतरी बोलली होती आणि ते तिच्या आईने ऐकलं होतं. काय बोलली, हे डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. दोघांच्या मध्ये एवढं एकच कुलूप होतं. बाकी सगळं घर त्यामागे होतं.

डॉक्टर बायकोला बाजूला सरकवून आडवे झाले. चौकोनाशी कान लावला. लाकडाचा वास, स्वतःच्या नाडीचा ठोका. बाकी काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मान आखडेपर्यंत.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच भिकाऱ्यासारखा वाटला.

"तुम्ही आलात की ती गप्प होते," बायको म्हणाली. ती दुष्टपणाने म्हणाली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते वायरमनच्या बायकोकडे गेले. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत राहत होती. डॉक्टरांनी पंपाच्या, दोरांच्या गोष्टी काढल्या. ती ऐकत राहिली आणि मग मध्येच म्हणाली, "उशीजवळचं उघडलंत ना?"

डॉक्टरांचा हात खिशातल्या तुकड्यावर गेला.

तिने सगळं सांगितलं, भाजी निवडत, मान वर न करता. बोट घेतली तेव्हा ती जागा उघडीच होती. तिला तिथून तिची आई ऐकू यायची. आधी फक्त हाक. मग गप्पा. मग आई म्हणायला लागली, बाहेर ये, मी इथेच आहे. एका पहाटे भर समुद्रात ती कठड्यावरून एक पाय बाहेर टाकून बसलेली नवऱ्याला दिसली. त्याने मागून घट्ट धरलं. त्याच दिवशी त्याने तो तुकडा बसवला, आणि आवाज थांबला.

"दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यांना ऐकू येत नाही म्हणून जळून बंद केलं."

"त्यांना कधीच ऐकू आलं नाही?"

"नाही. पण त्यांना हवंही नव्हतं." तिने पहिल्यांदा डॉक्टरांकडे पाहिलं. "आजच बसवा परत. पत्नीला विचारू नका."

संध्याकाळच्या आत डॉक्टर यार्डात पोचले. तुकडा आणि आठ स्क्रू खिशात होते. बायको उशीशेजारी बसली होती. तिने त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पाहिला आणि अडवलं नाही.

"लावा," ती शांतपणे म्हणाली. "पण मग तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही. ती म्हणाली... बोट पाण्यात उतरली की बाबांशी बोलेन. शेवटचं मी काय म्हणाले होते, ते बाबांनाही सांगेन."

डॉक्टर उभे राहिले. त्यांना कठड्यावरचा तो पाय दिसत होता. मागून धरणारे हात दिसत होते. ते हात आपले असतील, आपण सतत जवळ असू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या मनात तेव्हा फक्त एवढंच होतं: ती माझीपण मुलगी होती. हिलाच सगळं का मिळावं?

त्यांनी तुकडा खिशातच ठेवला.

मग काम झपाट्याने झालं. मिस्त्रींनी परांची बांधून दिली आणि डॉक्टरांनी दोन दिवसांत बाहेरून पांढरा रंग दिला, शेवटचा हात नाळेकडे. संध्याकाळी परांची सोडून दुसऱ्या बोटीला नेली. सकाळी दहाला भरती होती, तेव्हा उतरवायचं ठरलं. बायको घरी यायला तयार झाली नाही, म्हणून दोघं आतच झोपले. झोपले म्हणजे डॉक्टर जागे राहिले, तिचं मनगट धरून. ती एकदाही उठली नाही.

उजाडताना मिस्त्रींनी खालून हाक मारली. डॉक्टर उतरले. मिस्त्रींनी नाळेकडे बोट दाखवलं, दोन पुरुष उंचीवर, आत उशी होती त्याच जागी. ओल्या रंगात काहीतरी उमटलं होतं.

"कुणीतरी चावटपणा केलाय," मिस्त्री म्हणाले. मग खाली पाहत राहिले. धुक्याने भिजलेली माती सपाट होती. शिडीचा खळगा नाही, पावलं नाहीत. "केला असेल कुणीतरी," ते पुन्हा म्हणाले आणि क्रेनवाल्याला बघायला निघून गेले.

डॉक्टरांनी शिडी लावली. रंगाचा डबा घेऊन वर चढले.

तोंड टेकलेलं होतं तिथे. बाहेरून, फळीला चिकटवून, आतल्याला ऐकू जावं म्हणून टेकतात तसं. ओठ उघडे. रंग जाड होता, त्यात दातसुद्धा स्वच्छ उमटले होते. अठ्ठावीस वर्षं डॉक्टरांनी दुसरं काही वाचलं नव्हतं. त्यांनी जवळ जाऊन वाचलं.

तोंड लहान होतं. सात वर्षांच्या मुलीचं असतं तेवढं. चिमी गेली तेव्हा तिचे वरचे पुढचे दोन दात पडलेले होते, दुसरा तर त्यांनी स्वतः काढला होता, मांडीवर घेऊन. इथे एकही जागा रिकामी नव्हती. सगळे दात होते, एवढ्याशा तोंडात दाटीवाटीने बसवलेले, मोठ्या माणसाचे, झिजलेले. अक्कलदाढांसकट.

डॉक्टर शिडीवर किती वेळ थांबले ते त्यांना सांगता आलं नसतं. दूर क्रेन सुरू झाली. खिशातल्या लाकडी तुकड्याचा कोपरा मांडीला टोचत होता. पाच मिनिटांचं काम होतं. आठ स्क्रू.

मग त्यांनी ब्रश बुडवला आणि ते तोंड पांढऱ्या रंगाने पुसून टाकलं. एकदा आडवं, एकदा उभं, नीट, कडा दिसणार नाहीत असं. खालून मिस्त्रींनी विचारलं, उतरवायची ना? डॉक्टर म्हणाले, उतरवा.

फळीच्या पलीकडून बायको हसली. हळूच, लाडाने.

"अहो," ती आतून म्हणाली, "ती म्हणतेय... रंग कडू आहे."