उशीवरचा लोखंडी क्रॉस

बेर्नहार्ट टेरब्रुगनचं दफन उद्या सकाळी होतं, आणि त्यांचा मुलगा हाइनर आज म्युन्स्टरमध्ये खासगी तपास करणाऱ्या केम्परबाईंच्या कचेरीत बसून मेहुण्याला चोर ठरवत होता.

त्याने टेबलावर लोखंडी क्रॉस ठेवला, जर्मन सैन्याचं शौर्यपदक. "शवपेटीपुढे मखमली उशीवर हा न्यायचा. फीत विटली होती, म्हणून पदकांच्या दुकानात नेला. दुकानदारानं फीत ओवायच्या कडीवरची खूण बघितली आणि हसला."

रोझविथा केम्पर यांनी भिंग लावलं. कडीवर बारीकसा आकडा ठोकलेला होता.

"पहिल्या महायुद्धात कारागीर अक्षरं ठोकायचे," हाइनर म्हणाला. "आकडे पुढच्या युद्धात आले. वडिलांना क्रॉस मिळाला एकोणीसशे सोळा साली. मग हा आला कुठून? आमचे जावईबापू उडो पदकांचा धंदा करतात. काल खानावळीत सगळ्यांदेखत विचारलं त्याला. उद्या दफनाला दिसलास तर हात धरून बाहेर काढीन, असंही सांगितलं."

"आणि तुमची बहीण?"

"ती नवऱ्याबरोबर घरीच राहणार म्हणे. राहू दे." त्याने क्रॉस बाईंकडे सरकवला. "आमचं घर कसलं होतं, बाई! युद्धानंतर, सत्तेचाळीसच्या उपासमारीच्या हिवाळ्यात मी तापानं फणफणलो होतो. गावात बटाट्याची सालं शिजत होती, आणि आईनं मला दूध-लोणी घालून उठवलं. अशा घरात हा शिरला."

केम्परबाईंनी क्रॉस पुन्हा भिंगाखाली धरला आणि बराच वेळ ठेवला.

त्यांचा सहायक क्लेमेन्स पोल गाडी चालवायचा उत्तम, विचार करायचा सावकाश. गावाकडे जाताना तो म्हणाला, "नुसती कडी बदलली असेल. कडी काय, चिमट्यानं उघडते."

"उघडते. पण हिच्या सांध्यात पांढरं काहीतरी दगडासारखं घट्ट बसलंय. अनेक वर्षांत ती कुणी उघडलेली नाही."

उडोच्या दुकानातली पदकं काळवंडलेली होती. "जरा पुसत का नाही?" पोलने विचारलं.

"पुसलं की निम्मी किंमत गेली. लोक तो काळपटपणाच विकत घेतात. पदक घासणारा माझ्या लेखी दरोडेखोर."

"सासऱ्यांचा क्रॉस कधी हाताळलात?" केम्परबाईंनी विचारलं.

"सहा वर्षं जावई आहे, एकदाही नाही. मागितला तेव्हा म्हणाले, 'माणसाच्या छातीवरची वस्तू भिंगाखाली धरू नये.' घड्याळजी माणूस, जन्मभर डोळ्याला भिंग! मला हसू आलं होतं." आता मात्र तो हसत नव्हता. "सकाळपासून एक गिऱ्हाईक आलं नाही, बाई. पाववालीनं सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवले."

टेरब्रुगनांच्या स्वयंपाकघरात हाइनरची आई, थेक्लाआजी, दफनानंतरच्या कॉफीसाठी चांदीचे काटे घासत होत्या. बशीत स्पिरिटात कालवलेली खडूची पूड होती. भिंतीवर लग्नाचा फोटो, त्यात नवऱ्यामुलाच्या छातीवर क्रॉस.

"क्रॉसही यानंच पुसायचात?" केम्परबाईंनी विचारलं.

"दर नोव्हेंबरात, युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"तो उडोनं घेतला असं वाटतं तुम्हाला?"

म्हातारी तोच काटा पुन्हा घासू लागली. "हाइनर म्हणतो."

संध्याकाळी केम्परबाईंनी हाइनर आणि उडोला त्याच स्वयंपाकघरात बोलावलं.

"खरा क्रॉस होता," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या फोटोत आहे. तो बदलला गेला, हेही खरं. प्रश्न एवढाच, की कधी. या क्रॉसच्या खाचांत खडू आहे. एकावर एक थर, खालचे पार पिवळे पडलेले. कडीच्या सांध्यातही तोच. विक्रेता पदक घासत नाही. हा घासलाय या घरानं, वर्षानुवर्षं. उडो इथं सहा वर्षांपूर्वी आला. इतके थर सहा वेळा पुसून बसत नाहीत."

"मग कुणी?" हाइनरने विचारलं.

"आकडा असलेली कडी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची अदलाबदल. तेव्हा घरात तिघं, तुमची बहीण अजून जन्मली नव्हती. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात तुम्ही अंथरुणात होता. हाइनर, गावात सालं शिजत असताना तुमचं लोणी कुठून आलं?"

काटा बशीत पडला.

"छावणीतल्या इंग्रज सार्जंटला हवा होता," थेक्लाआजी म्हणाल्या. "त्यानं लोण्याचे डबे दिले, दुधाची पूड दिली. हा भंगारवाल्याकडून आणला. बेर्नहार्टला कधी कळलं नाही."

केम्परबाईंनी विचारलं, "घड्याळजीला कडीवरचा आकडा दिसला नसेल? जावयाला भिंग लावू दिलं नाही त्यांनी."

म्हातारीने ओले हात एप्रनमध्ये गुंडाळले. "म्हणजे दर नोव्हेंबरात मी घासत होते, आणि ते बघत होते." मग उडोकडे न पाहता म्हणाल्या, "आणि कालपासून तुला चोर म्हणतायत, तरी मी काटेच घासत बसले."

हाइनर मान खाली घालून म्हणाला, "उडो, चुकलं माझं. पण आईचं नाव बाहेर जायला नको. इथंच मिटवू."

"चोर म्हणालास खानावळीत, आणि माफी स्वयंपाकघरात?" उडोने सासूकडे पाहिलं आणि टोपी उचलली. "राहू दे. मी नाही येत उद्या."

पोलला वाटलं, प्रकरण मिटलं. त्याने गाडीची किल्लीही काढली.

थेक्लाआजींनी खुंटीवरचा काळा कोट घेतला. "हाइनर, दार उघड. उडो, तूही चल."

"आई, आज नको. सगळे असतील तिथं."

"म्हणूनच."

खानावळीत सांत्वनासाठी माणसं उभी राहिली, कुणीतरी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी जावयाचा दंड धरला आणि नवऱ्याचं नावही न घेता सरळ सांगायला सुरुवात केली, सार्जंटपासून.

लोण्यापर्यंत आल्या तेव्हा कुणीतरी हळूच हाइनरकडे पाहिलं. तो दाराशीच उभा होता, मेहुण्याच्या बुटांकडे बघत. त्याला आत यायला कुणी सांगितलं नाही. शेवटी उडो बाकावर बसला आणि त्यानेच सरकून हाइनरसाठी जागा केली.