एका विभागातून एकच

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो आणि तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, पायदळ हवं तेवढं बनवा म्हणे, आणि रुग्णवाहिका मात्र तीनच. ही मर्यादा घालणारा कोण अतिशहाणा आहे, एकदा भेटायला हवा."

"भेटलात," मी म्हणाले. "फक्त अतिशहाणी म्हणा."

त्याने फोन खिशात टाकला. कान लाल झाले होते... पार टोकापर्यंत.

आमच्या कंपनीत युद्धाचे गेम बनतात. कुणी नुसते ढीगभर रणगाडे बनवून जिंकू नये, दोन्ही बाजू तोडीस तोड राहाव्यात, म्हणून कोणतं सैन्य किती बनवता येईल आणि किती मार सोसेल, हे आकडे मी ठरवते. तो माझ्याच विभागात आलेला नवा चाचणीवाला होता, दिवसभर गेम खेळून त्यातले दोष शोधणारा. आधी दोन वर्षं खऱ्या पायदळात काढून आला होता, हे मला मागाहून कळलं.

महिन्याभरात माझे आकडे बिघडले. पायदळ मरेचना. मी त्याची ताकद दोनदा कमी केली, तरी तेच. शेवटी चाचणीवाल्यांच्या खोलीत गेले आणि त्याच्यामागे खुर्ची ओढून बसले. जखमी झालेला प्रत्येक शिपाई तो एकेक करून मागे आणत होता. तोवर त्याचा किल्ला पडत आला होता.

"तुम्ही हरताय."

"दिसतंय."

"असं कुणी खेळत नाही हो. लोक सरळ दुसरा शिपाई बनवतात."

"बनवू देत की." त्याने मान वळवली. "रागावलात की तुमची डावी भुवई वर जाते, माहितीये?"

"विषय बदलू नका."

"मी भुवईवरच होतो... पायदळाचं तुम्ही काढलंत."

मला हसू आवरेना. त्याचे डाव मी सरासरीतून वगळले, पायदळाची ताकद परत दिली. पण रोज चार वाजता त्याच्या खुर्चीमागे जाऊन बसायची सवय लागली ती लागलीच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. 'तो आवडतो का तुला?' असं आईने विचारलं, तेव्हा तिला मी सरळ 'हो' म्हणाले. त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.

मग खरं युद्ध सुरू झालं. पूर्वी सैन्यात असलेल्यांना परत बोलावणं आलं. आमच्या विभागातले असे दोघं – तो, आणि गेममधल्या तोफांचे आवाज तयार करणारे, ज्यांना सगळं ऑफिस दादा म्हणायचं ते. दादांची मुलगी अकरा दिवसांची होती. प्रत्येक विभागाला एकच माणूस कामासाठी मागे ठेवता येणार होता. नाव विभागप्रमुखाने द्यायचं होतं, म्हणजे मी.

कोरा अर्ज घेऊन मी दोन तास बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांना मर्यादा घालत आले, पण ही माझ्या घशाखाली उतरेना. शेवटी त्याचं नाव लिहिलं. लाज वाटली, तरी लिहिलं.

चार वाजता अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने वाचला.

"दादांना माहितीये?"

"नाही."

"त्यांची बायको दारात भेटली, तर तिच्याकडे मी बघू कसा गं?"

"नको बघूस. जिवंत राहा, बस्स."

त्याने अर्जातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "माझं नाव का लिहिलंस?"

"तुला ठाऊक आहे."

"आहे. पण... ऐकून जायचंय."

जायचंय म्हणाला. मला त्याचा राग आला, युद्धाचा आला, माझाही आला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी भांडल्यासारखी म्हणाले. "आणि गेलास तर मी तुला कधीच माफ करणार नाही."

"नको करूस." त्याने माझा डावा हात हातात घेतला. "माझंही आहे. लिफ्टपासून."

पाचपर्यंत अर्ज द्यायचा होता. मी त्याचं नाव खोडलं आणि दादांचं लिहायला घेतलं. एका हाताने लिहिताना कागद सरकत होता, म्हणून त्याने तो दाबून धरला.