सहावी काठी

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मातीसाहेब कोमट पाण्यात पाय सोडून बसले होते.

"साहेब, सहापैकी पाच नमुन्यांत शिसं आहे. इतकं, की मला वाटलं यंत्रच बिघडलं. पुन्हा लावून पाहिलं."

"आणि सहावा?"

"अगदी स्वच्छ."

त्यांनी पाय पुसले. म्हणजे उद्या पुन्हा जाणं आलं. शेतजमिनीत विष आहे का, हे तपासण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणून लोक त्यांना मातीसाहेब म्हणत. गुडघ्यांनी मात्र कधीच संप पुकारला होता.

तक्रार एका सुनेची होती. तिची लहानगी मुलगी, चिमणी, सारखी पोट धरून बसायची, खेळता खेळता गळून जायची. तिच्या रक्तात शिसं निघालं होतं. बांधापलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी. भट्टीने जमीन नासवली आणि भाजीतून विष पोरीच्या पोटात गेलं, असं सुनेचं म्हणणं. अहवाल असाच राहिला तर भट्टी बंद होणार होती आणि शेतही. पालेभाजीची एक जुडीसुद्धा विकता आली नसती.

सकाळी ते शेतात उतरले. लाल चिंध्या बांधलेल्या काठ्या अजून उभ्या होत्या. दुपारी काठ्या रोवायच्या आणि दुसऱ्या सकाळी तिथली माती काढायची, ही त्यांची रीत. एका दिवसात दोन्ही कामं आता झेपत नसत.

त्यांनी पहिल्या काठीपाशी उकरलं. वरची माती बरी होती, वीतभर खाली काळे कण. हातभर बाजूला उकरलं, तर वर-खाली सगळीकडे नुसती भुरी माती. ते कंबर धरून उठले आणि थेट भट्टीवर गेले.

"तुमची राख कुंपणाबाहेर का पडते?"

"ढीग वाढला की पडते," भट्टीवाला म्हणाला. "पण मी तिच्या शेतात नेऊन टाकली असं म्हणत असाल, तर मला काय वेड लागलंय? तुम्ही काठ्या रोवल्या त्या दिवशी माल उतरला होता. अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे इथंच. तिच्या दिराला विचारा, तो माझ्याकडेच राबतो."

घरी सासूबाई लसूण सोलत होत्या. मुलगा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर असल्याने घरचा कारभार त्यांच्याच हाती.

"आजी, काठ्यांना कुणी हात लावला होता?"

"मी लावला. शेवटची काठी तुम्ही ऐन पाटात रोवली होती. पुढच्या पाळीला पाणी अडलं असतं. मी आपली उपटून वरच्या वाफ्यात खोवली. चुकलं का काही?"

"सकाळी माझ्या लक्षातच आलं नाही. केव्हा हलवलीत?"

"दिवस बुडताना. सून पाणी देऊन नुकतीच घरी परतली होती."

"तिला सांगितलंत?"

"काठीचं काय सांगायचं तिला?"

तेवढ्यात दीर भट्टीवरून आला. ओसरीवर सतरंजीत लोळणारी चिमणी उठली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"ही मला हातपायसुद्धा धुवू देत नाही, साहेब," तो कौतुकाने म्हणाला. सदरा काढून त्याने तिथेच झटकला आणि पोट चोळत टेकला.

"परवा घरी कधी आलात?"

"अंधार पडल्यावर. मालक सोडतायत कुठं?"

मातीसाहेबांनी ओल्या कापसाने सतरंजी पुसली आणि कापूस पिशवीत भरला.

"माती शेतात आहे, साहेब," सून दारातून म्हणाली.

"घरातलीही बघून ठेवतो, ताई."

जाताना त्यांनी पाटातली, काठीच्या जुन्या जागेची मातीही उचलली.

निकाल हाती आल्यावर त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. भट्टीवाला आल्या आल्या घड्याळ बघू लागला. चिमणी आत झोपली होती.

"धुराड्यातलं शिसं वरून बसतं," मातीसाहेब थकल्या आवाजात म्हणाले. "इथं ते खाली होतं, आणि तेही फक्त काठ्यांपाशी. म्हणजे राख पुरली होती. सहावी काठी दिवस बुडताना हलली. नव्या जागी माती स्वच्छ, जुन्या जागी काळे कण. म्हणजे पुरणाऱ्याने काम उरकलं, त्यानंतर काठी हलली. तोवर भट्टीवरचे सगळे भट्टीवरच होते. शेतात दोघीच होत्या. आजींनी राख पुरली असती, तर ती काठी त्यांनी हलवलीच नसती. ताई, तुम्हीच ना?"

सुनेने मान खाली घातली नाही. "मीच. बंद झाली असती भट्टी. जमीन गेली तरी चाललं असतं मला. पोर माझी वाळत चाललीय."

"बघा," भट्टीवाला उठलाच. "म्हणजे आमचा काही दोष नाही."

"बसा. शेतात शिसं नाही, पण पोरीच्या रक्तात आहे. मग ते आलं कुठून?" मातीसाहेबांनी दिराकडे पाहिलं. पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "सतरंजीवर सापडलं. तुमच्या कामगारांना वेगळे कपडे नाहीत, अंघोळीला पाणी नाही. ती धूळ अंगावर घेऊन माणसं घरी जातात. ते मिळेपर्यंत भट्टीला टाळं. आणि ताई, तुम्ही पुरलेल्या राखेबद्दलही मला लिहावं लागेल. दिराचं रक्त आजच तपासून घ्या."

दीर स्वतःच्या सदऱ्याकडे बघत राहिला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"भाऊजी, तुम्हाला काय माहीत होतं," ती कशीबशी म्हणाली.

आवाजाने चिमणी जागी झाली. डोळे चोळत बाहेर आली आणि नेहमीसारखी काकाकडे धावली. तो झटकन मागे सरला, अंगणात उतरला. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते.

"थांब गं. आधी अंघोळ करून येतो."

काका आपल्याला घेत का नाही, हे तिला कळेना. ती ओसरीच्या कडेला उभी राहून रडू लागली. तो विहिरीवर गेला आणि सदऱ्यासकट अंगावर पाणी ओतू लागला.