तरंगिणीचे चार गुण

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. समजा, तुमच्यासमोर एक कोरा कागद आहे आणि त्यावर तुम्हाला एक माणूस तयार करायचा आहे. नाव, कपडे, तलवार हे सोपं असतं. पण त्याला हसू आलं की तो काय करतो? एकटा असताना काय पुटपुटतो? ते लिहिलं की तो माणूस उठून चालायला लागतो.

हिंगणघाटला माझ्या घराच्या पडवीत दर रविवारी सकाळी काही मुलं आणि मी हा खेळ खेळायचो. जवळच कापसातून सरकी काढायचा कारखाना, जिनिंग आहे. कापसाच्या हंगामात पडवीच्या जाळीला पांढरे तंतू चिकटून असतात. माझा जुना विद्यार्थी अंकित पुण्याला नोकरी करतो, त्याने खेळाची पेटी पाठवली होती. वीस बाजूंचे फासे, राक्षसांच्या राज्याचा नकाशा आणि पात्रांसाठी कोरे कागद. प्रत्येकाने आपलं पात्र घडवायचं, त्याचे चार स्वभावगुण लिहायचे आणि खेळात त्याप्रमाणेच वागायचं. गोष्ट मी सांगायची.

मयुरी आणि समीक्षा दोघीही अकरा वर्षांच्या. मयुरीच्या वडिलांचं किराण्याचं दुकान, समीक्षाच्या घरी शेती. बालवाडीपासून दोघी एका बाकावर. मयुरीने योद्धी निवडली, नाव ठेवलं तरंगिणी. स्वभाव मात्र सुचेना. ‘शूर’, ‘दयाळू’ असं लिहून तिने दोनदा खोडलं. निबंध शिकवताना मी चाळीस वर्षं जे सांगत आले, तेच तिला सांगितलं. मनाचं लिहू नको, ओळखीच्या माणसाकडे बघून लिही.

तिने शेजारी पाहिलं आणि भराभर लिहून काढलं. हसताना तोंडावर हात ठेवते. डबा आधी दुसऱ्यापुढे करते. कुत्र्याला भीत नाही. कोणाचं गुपित सांगत नाही.

समीक्षा तेव्हा फासे उलटेपालटे करून आकडे बघत होती. हे वर्णन कोणाचं, ते मला लगेच कळलं. समीक्षाला विचारावं असं माझ्या मनात आलं नाही. मी मयुरीला शाबासकी दिली.

पुढच्या रविवारी खेळात आमच्यातल्या अंकुश नावाच्या मुलाचा जादूगार चिखलात पडला आणि सगळी मुलं हसली. समीक्षाही हसली, तोंड उघडं टाकून. तिचा पुढचा एक दात किडलेला आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. हात मांडीवरच होते. मुली मोठ्या होतात, सवयी सुटतात, असं मी मनाशी म्हटलं.

त्यानंतरच्या रविवारी तिने पेरू आणले. डबा उघडून ती एकटीच खात बसली. अंकुशने चिडवलं की शेतातले सगळे पेरू हिलाच पाहिजेत. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची फोड तोंडात घातली. चेहऱ्यावर हावरेपणा नव्हता. शेजारी कोणी बसलंय हेच जणू तिला दिसत नव्हतं.

मग एकदा ती आत आलीच नाही. मी बाहेर डोकावले तर फाटकापाशी उभी, अंग चोरून. समोर आमच्या गल्लीतलं म्हातारं कुत्रं झोपलेलं. त्याच कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या तिने उन्हाळ्यात काढल्या होत्या. मी तिचा हात धरला. कुत्र्याला वळसा घालून तिला आत आणलं.

इकडे तरंगिणी जोरात होती. मयुरी तिच्या आवाजात बोलायला लागली की हात आपोआप ओठांवर जायचा. अगदी समीक्षाचा, करंगळी बाहेर काढलेला.

कागदावर चौथ्या ओळीत काय आहे, ते मला आठवत होतं. तरी मी स्वतःला समजावलं की हा खेळ आहे.

पुढच्या रविवारी तरंगिणीला नदी ओलांडायची होती. फासा कोणी टाकायचा यावर वाद चालला होता. मध्येच समीक्षा सगळ्यांपुढे सहज म्हणाली, “मयुरी आजबी गादी ओली करते.”

कोणी हसलं नाही. मग अंकुश हसला.

मयुरीचा चेहरा उतरत गेला. “काऊन सांगतलं तू? कोणाले नाई सांगणार म्हणे नं तू.”

“मले ठाऊक नाई,” समीक्षा म्हणाली. “सांगू नये, असं मनातच आलं नाई.”

मयुरी रडत घरी गेली. तिच्यामागे अंकुश गेला, बाकीचीही एकेक करून उठली. तरंगिणीचा कागद नकाशावर तसाच पडला होता. समीक्षाने तो उचलला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला.

“हे तं माह्यं आहे,” ती म्हणाली.

मी फासे गोळा करून पेटीत टाकू लागले.

“तिनं मले इचारलं बी नाई. तुमाले माहीत होतं, बाई?”

मी हो म्हणाले. चाळीस वर्षांत कुठल्याच मुलाने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

मग मी शिक्षक करतो तेच केलं. चुकलं ते खोडलं. खोडरबराने चारही ओळी स्वच्छ पुसल्या, चुरा फुंकला आणि म्हटलं, झालं, गेलं ते.

समीक्षाने हात ओठांपाशी नेला आणि तसाच खाली आणला. जणू काही परत येतंय का ते बघत होती. गल्लीतलं कुत्रं भुंकलं, तशी ती दचकली.

“आता तं कुठंच नाई, कागदावरबी नाई,” ती म्हणाली.

पडवीत आम्ही दोघीच होतो. जिनिंगची घरघर बंद पडली होती. तिने पेटीतून एक कोरा कागद आणि पेन्सिल काढली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि माझा चेहरा निरखू लागली. सावकाश. मी शिकवलं होतं तसं.

“बाई, तुमाले कधीच राग येत नाई नं?”

“नाही, बाळ,” मी म्हणाले. सवयीने.

तिने पेन्सिल ठेवून दिली, माझ्या पुढ्यातलं शाईचं पेन उचललं आणि पहिली ओळ लिहिली.