टाकीत सोडलेला कंदील

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाइल खाली ठेवा. एकदाच सांगेन. मध्ये खुसखुस केलीत तर गोष्ट तिथंच थांबेल, मग बसा रात्रभर छताकडे बघत. ज्याच्यावर हे गुदरलं तो ड्रायव्हर माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा, म्हणजे ऐकीव काही नाही.

मागच्या द्राक्षतोडणीतला शेवटचा शनिवार होता, अमावास्येचा. ड्रायव्हर सकाळीच पाहुणे घेऊन निघाला. त्याचं काम सोपं. व्हॅनमध्ये पाचसहा जण घ्यायचे आणि दिवसभर त्या एकाच रस्त्यावरच्या छोट्या छोट्या वायनऱ्या दाखवायच्या. पाहुणे वाईनचा पेला नाकाशी धरणार, घोट तोंडात खुळखुळवणार आणि बादलीत थुंकणार. "थुंकायला एवढ्या लांब येतात गं," असं तो घरी आईला सांगायचा, आणि धाकटा भाऊ पोट धरून हसायचा.

हसायचा म्हणजे, होता तोवर. धाकटा त्याच रस्त्यावरच्या शेवटच्या वायनरीत टाक्या धुवायचा. द्राक्षाचा रस आंबला की त्यातून वायू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड, म्हणून रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. त्यात माणूस उतरला की दोन श्वासांत आडवा. म्हणून तिथली जुनी रीत अशी, की आधी पेटता कंदील दोरीनं टाकीत सोडायचा. तळाशी जळत राहिला तर उतरायचं. विझला, तर वरून कोणी कितीही ओरडो, उतरायचं नाही. धाकटा रोज सकाळी नवी वात घालून, तेल भरून घरातून निघायचा.

आदल्या मोसमात एका दुपारी त्याला टाकीतून मेलेला बाहेर काढला. मालकानं सगळीकडे सांगितलं, पिऊन पडला. अरे, ज्या पोराला वाईनच्या नुसत्या वासानं मळमळायचं, तो पिऊन पडला! सांगणाऱ्याची जीभ कशी झडत नाही? कपडे आणि दोरी बांधलेला कंदील घरी आले. तेल काठोकाठ, वात पांढरीस्वच्छ. आईनं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "याला दिवा लावूच दिला नाही कोणी." तिचं कोण ऐकतंय? उलट बायकाच तिला समजवायच्या, बेवड्या पोरासाठी किती रडशील. तिनं कंदील तसाच खुंटीला टांगला. त्याला कधी काडी लावली नाही.

तेव्हापासून ड्रायव्हर ती वायनरी टाळायचा. त्या शनिवारी मात्र पाहुण्यांमधली एक जाडजूड बाई हटूनच बसली. "मी तिथं सांगून ठेवलंय. तुम्हाला न्यायचं नसेल तर तसं सांगा." त्यानं दात आवळले आणि गाडी वळवली.

अंधार पडल्यावर ते पोचले. पाहुणे आत गेले, हा व्हॅनमध्ये बसून राहिला. तेवढ्यात वीज गेली. वाट बघून बघून तो त्यांना बोलवायला तळघरात उतरला, तर सगळे हातात मेणबत्त्या घेऊन टाकीभोवती उभे. तीच टाकी.

"इथं कोणी मेलं होतं म्हणे?" बाईनं विचारलं.

मालकानं ड्रायव्हरला पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. "हो ना. एक कामगार. पिऊन पडला बिचारा."

मालकाच्या हातातली मेणबत्ती विझली.

बाकीच्यांच्या जळत होत्या. मालक हसला, शेजारच्याच्या ज्योतीवर पेटवून घेतली.

 ड्रायव्हर पुढं आला. "पुन्हा सांगा मालक. कसा मेला?"

"सांगितलं ना. पिऊन..."

विझली.

वारा नव्हता. तळघराला खिडकीच नव्हती. मालकानं बाईच्या हातातली पेटती मेणबत्ती ओढून घेतली.

"पुन्हा सांगा."

"अरे, दारू प्यायला होता तो..."

तीही विझली.

आता कोणी हसेना. कोणी हलेना. आणि मग आवाज आला. टाकीच्या काठावर दोरी घासल्याचा... हळू... सर्र... सर्र...

ड्रायव्हरनं वाकून आत पाहिलं. टाकीच्या भिंतीवर पिवळा उजेड पडला होता. दिवा दिसत नव्हता. दोरी दिसत नव्हती. नुसता उजेड. खाली जात होता. खाली... आणखी खाली...

तळाशी गेला. फडफडला.

विझला.

"मीच म्हणालो!" मालक किंचाळला. "पाहुणे यायचे होते! दिवाबिवा राहू दे म्हणालो, उतर पटकन... तो नको म्हणत होता... मीच म्हणालो उतर!"

 बाईनं तोंडावर हात ठेवला. ड्रायव्हरनं मालकाची कॉलर धरली, आणि सोडून दिली. मारून काय होणार होतं? वर्षभर आई मान खाली घालून रस्त्यानं चालली होती, ते काय परत मिळणार होतं?

पाहुण्यांना उतरवून तो घरी धावला. दार आतून बंद. आईनं उघडलं.

"आई, कबूल झाला तो. सगळ्यांसमोर. आपला धाकटा प्यालेला नव्हता."

आई रडली नाही. ती खुंटीकडे बघत होती.

"कंदील तू लावला होतास का रे?"

"मी? मी तर सकाळपासून बाहेर..."

"मग मीही नाही लावला. तू दार वाजवेपर्यंत इथून उठलेसुद्धा नाही मी."

त्यानं जवळ जाऊन पाहिलं. कंदिलाची काच काजळीनं काळी झाली होती. वात जळून गेलेली. तेल निम्म्यावर.

आणि दोरी ओली होती. तिच्या टोकातून फरशीवर थेंब पडत होते. लाल. आंबूस वासाचे.