डावीकडचा उजेड

त्या दिवशी सकाळपासून माइन नदीवरचं धुकं काही हटलं नव्हतं. दुपार कलली तरी फ्रँकफुर्टच्या गल्ल्यांत समोरचं माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू यायचा. भिंतींना ओल सुटली होती. अशा हवेत योस्ट चितारी बुधल्यात जवसाचं तेल घेऊन सावकाश घराकडे निघाला होता. चित्र पुरं होत आलं होतं. शेवटचा हात फिरवायला तेवढं तेल कमी पडलं होतं.

चित्र तसं साधंच, लाकडी फळीवर काढलेलं. मेजावर एक पाव, दोन नासपती, चीजचा तुकडा आणि सुरी. माणूस कुणी नाही. असली चित्रं काढायला त्याला शिकवलं त्याच्या गुरूनं, अम्ब्रोस केसलनं. या केसलचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या चित्रांत ताटं भरण्यात गेलं. मेजवानीला बसलेले सरदार दुसऱ्या कुणी रंगवायचे, त्यांच्या पुढ्यातलं जेवण यानं. मग एके दिवशी त्यानं नुसतं मेजच रंगवलं. लोक हसले. म्हणाले, "अरे, माणसं कुठं गेली?" केसल म्हणाला, "जेवून उठलीत." पुढं गावातले सगळे तरुण चितारी त्याच्यासारखीच मेजं रंगवायला लागले. उजेडसुद्धा त्याच्यासारखाच, डाव्या खिडकीतून आलेला.

केसलची एक रीत मात्र त्याच्या हाताखालच्या पोरांना आवडायची नाही. रंगवलेली वस्तू घरात कुणी खायची नाही. चित्र संपलं की सगळं टोपलीत घालून नदीत सोडायचं. "एकदा तिथं ठेवलं ते इथं उचलायचं नाही," एवढंच म्हणायचा. पोरं पाठीमागं कुरकुरायची, की म्हाताऱ्याला माशांची कणव येते, आमची नाही. केसल जाऊन किती वर्षं झाली, तरी योस्टनं ती रीत कधी मोडली नव्हती. पण हे साल वेगळं होतं. लढाईनं आजूबाजूची खेडी ओस पडली होती, आणि गावात पिठात भुसा कालवून विकत होते.

दारात शेजारचा एन्ड्रेस भेटला. हा पिंपं करणारा. बायको मागच्या साथीत गेलेली, पदरात दोन लहान लेकरं.

"काय योस्टदादा, तेल चित्राला आणलंस, की प्यायला?"

"अर्धं अर्धं."

"बघ हो. उद्या वहिनी तुझं चित्रच कापून वाढायची."

दोघं हसले. योस्ट आत गेला.

खिडकी लावलेली होती. घरात काळोख दाटला होता, आणि वाल्बुर्गा मेजाजवळ बसली होती.

"अहो, रागावू नका," ती हळूच म्हणाली. "पाव खाल्ला मी. राहवलंच नाही."

योस्टला केसलची रीत आठवली. पण बायकोची हाडं दिसत होती. तो म्हणाला, "बरं केलंस. माशांना काय कमी आहे?"



त्यानं दिवा लावला आणि तिच्या उजव्या हाताला ठेवला. मग तो तसाच उभा राहिला. दिवा उजवीकडे होता, आणि वाल्बुर्गाचा उजवा गाल काळोखात होता. डाव्या गालावर मात्र उजेड होता, मऊ, पांढुरका, खिडकीतून दिवस यावा तसा. त्यानं दिवा उचलला, तिच्या मागं नेला, पुढं आणला. उजेड जागचा हलला नाही.

तिच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका होता. तो ठिपका योस्टच्या ओळखीचा होता. फळाची साल चकाकावी म्हणून कुंचल्याच्या टोकानं तो सगळ्यात शेवटी तसाच ठिपका ठेवायचा.

"वाल्बुर्गा... बोल की गं..."

"बसू द्या..." ओठ हलले नाहीत. "बरं वाटतंय... भूक नाही... काही नाही..."

तिच्या तोंडाला जवसाच्या तेलाचा वास येत होता. त्यानं तिच्या गालाला हात लावला. गाल गार होता, आणि ओला. हात मागं घेतला, तर बोटाला गालाचा रंग लागला होता.

दिवा कसाबसा खाली ठेवून त्यानं रंग खरवडायची सुरी घेतली. फळीवर पाव इतका सुरेख उतरला होता, की हात धजेना. मग डोळे मिटून त्यानं खरवडायला सुरुवात केली. वरचं तांबूस कवच गेलं, आतला पांढरा गर गेला, खालचं लाकूड दिसलं. तरी तो खरवडतच राहिला.

मागं कुणीतरी खोल श्वास घेतला.

"अहो... भूक लागलीय हो मला..."

वाल्बुर्गा रडत होती. दिव्याचा पिवळा उजेड तिच्या उजव्या गालावर पडला होता. योस्ट तिला धरून बराच वेळ बसला. मग उठून त्यानं ती फळी तशीच चुलीत घातली. घरात असलं काही ठेवायलाच नको. फळी धुमसली आणि पेटली. जाळात बारीक, केविलवाणा आवाज निघाला. थांबला. मग पुन्हा निघाला. ओलं लाकूड असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

सकाळी धुकं तसंच होतं. मेजावरचं उरलंसुरलं नदीला द्यायला त्यानं टोपली घेतली. मेजावर सुरी होती, चीज होतं. नासपती नव्हत्या.

"वाल्बुर्गा, फळं गं?"

ती गाढ झोपली होती. तेवढ्यात दार वाजलं. दारात एन्ड्रेस उभा होता, टोपी हातात घेऊन.

"दादा, वहिनींना सांग, देव त्यांचं भलं करो. काल दुपारी मी घरी नव्हतो, तेव्हा माझ्या पोरांना त्यांनी एकेक नासपती दिली. तेव्हापासून कशी शहाण्यासारखी बसलीत बघ, रडणं नाही, मागणं नाही. फक्त काल संध्याकाळपासून दोघांच्या अंगाला जळक्या तेलाचा वास येतोय... जरा येऊन बघतोस का?"