कान झाकणारा हेडफोन

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घालायचंच असतं, तर स्वतःला जरा बरी दाखवली असती.

साल १९८९. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, म्हणजे मला कोर्टाची सुट्टी. डोंबिवली पूर्व, दुसरा मजला. अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारी चारची आहे.

तिथे माझी थोरली बहीण शकूताई आणि तिचा नवरा श्रीपाद राहायचे. एक खोली, एक स्वयंपाकघर. मूलबाळ नाही. ताईच्या हृदयाची झडप अधू झालेली. दुपारची झोप मोडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आणि भावोजींची फर्स्ट शिफ्ट. दोनला घरी, जेवण, की लगेच टेपवर नाट्यगीतं!

मला माणसं तोलायची खोड आहे. त्या घरात ताई देते आणि भावोजी घेतात, असं माझं मत पक्कं होतं. म्हणून दिवाळीआधी मीच त्यांना ठाण्यातल्या एका दुकानात नेलं. म्हटलं, हेडफोन घ्या आणि बायकोला झोपू द्या.

दुकानदाराने दोन काढून ठेवले. एक हलका, स्पंजवाला. दुसरा जाड वाट्यांचा, कान पूर्ण झाकणारा.

भावोजींनी स्पंजवाला कानांना लावून बघितला. "हा बरा. बाहेरचंही ऐकू येतंय."

"बाहेरचं कशाला ऐकायचंय? गाणं ऐकायचंय ना?"

"अगं विमल, शकूने हाक मारली तर?"

"आणि यातून गाणं झिरपून तिची झोप मोडली तर? एवढी बायकोच्या हाकेची काळजी आहे, तर टेपच विकून टाका की, भावोजी!"

दुकानदार हसला. "साहेब, मेव्हणीबाईंचं ऐका. हा घातलात की शेजारी बँड वाजला तरी पत्ता लागणार नाही."

भावोजीही हसले. जाड वाट्यांचा बांधून घेतला.

एक गोष्ट दुकानदाराला माहीत नव्हती, मला होती. आमच्या आईने आम्हा बहिणींना शिकवलेलं, नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही, आवाज चढवायचा नाही, आणि हाक मारायची ती एकदाच. 'अहो' म्हणायचं आणि थांबायचं. ताईने ते शेवटपर्यंत पाळलं.

माहीत होतं. तरी दुकानात आठवलं नाही.

त्या शनिवारी गेले, तर दार नुसतं लोटलेलं.

आत शिरले…

पंखा फिरत होता. भावोजी खुर्चीत, डोळे मिटलेले, बोटांनी मांडीवर ताल धरलेला.

चार पावलांवर कॉटवर ताई. तोंड त्यांच्याकडे. ओठ अर्धवट उघडे…

हात लावला. गार.

त्यांचा ताल चालूच होता.

मी खांदा धरून हलवलं. त्यांनी वाट्या कानांवरून सरकवल्या आणि दबक्या आवाजात म्हणाले,

"शू… झोपलीय ती."

तेरावं झाल्यावर पुन्हा गेले, तर भावोजी त्याच खुर्चीत. कानांवर हेडफोन. वायर जमिनीवर लोळत होती. टेपला लावलेलीच नव्हती.

"गाणं नाही ऐकत गं," ते म्हणाले. "तिने हाक मारली असेल, तर ती हाक कुठेतरी असेलच ना? रोज चारला लावून बसतो. काही ऐकू येत नाही. तू बघतेस?"

नको म्हणवेना. लावला.

आधी काहीच नाही. स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यावं, इतकं सामसूम.

मग…

"अहो…"

एकदाच. ताईचाच आवाज. धाप लागलेला.

मी मान वर केली. निकाल ऐकायला उभे राहिलेले आरोपी मी रोज बघते. भावोजींचे डोळे तसे झाले होते.

"काही नाही हो, भावोजी," मी म्हटलं. "झोपेतच गेली ती."

ते रडले. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाले, "हे घेऊन जा. मला घरात नको."

मी ठाण्याला एकटी राहते. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. सुट्टीच्या दिवशी चार वाजले की राहवायचं नाही. खाली काढून लावायची.

"अहो…"

आणि मग ती थांबायची. आवाजापेक्षा ते थांबणं वाईट. पलीकडे कुणीतरी श्वास धरून वाट बघतंय… आणि मला ओ देता येत नाही. हाक माझी नाहीच.

दोन वर्षं काढली. मग ठरवलं, भावोजींना सांगून टाकायचं. हेडफोन पिशवीत घालून डोंबिवलीला गेले.

दार उघडलं ते हसत. खिडक्या सताड उघड्या, टेप मोठ्याने चालू.

"ये, ये मेव्हणीबाई! शिरा केलाय. आज करपलेला नाही, घाबरू नकोस."

माझ्यासमोर वाटी ठेवली आणि म्हणाले, "विमल, तू तेव्हा सांगितलंस, म्हणून जगलो गं मी."

मी शिरा खाल्ला. छान झालाय म्हटलं. पिशवी उघडली नाही.

त्यानंतरच्या रविवारी चारला हेडफोन लावला…

काहीच नाही.

पुढच्या रविवारी नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हाक थांबली ती थांबलीच.

मी भावोजींना सांगितलं नाही ते ताईला पटलं असेल, असं मनाला सांगून बघते. पण मी तिची पाठची बहीण. हाक वाया गेली, तर ती रुसायची नाही, भांडायची नाही. जमेल तेव्हा गुपचूप उठून आपलं पाणी आपण घ्यायची.

गेल्या रविवारी चारला मी बाहेरच्या खोलीत बसले होते. घरात दुसरं कुणी नाही.

स्वयंपाकघरात माठावरचं झाकण हळूच सरकलं…

मग पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज.

मी उठले नाही. घेऊ दिलं तिला.